ईस्टरचे उपक्रम ईस्टरनंतर: प्राथमिक वर्गासाठी एक आखणी

ख्रिस्ती शाळांच्या प्राथमिक वर्गांत ईस्टरची तयारी बहुधा एकाच ठरावीक वेळी होते. उत्तम शुक्रवारची सुट्टी तोंडावर आलेली असते, वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक फळ्यावर लागलेले असते आणि बुधवार-गुरुवारच्या दोन तासांत अंडी रंगवणे, भेटकार्डे करणे, "प्रभू उठला आहे" हे गीत बसवणे असे सगळे उरकून घेतले जाते. त्यामुळे मुलांच्या मनात कथेचा क्रमच उलटा बसतो. पुनरुत्थानाचा आनंद गुरुवारी साजरा होतो आणि क्रुसावरील मृत्यूची आठवण शुक्रवारी येते. हा क्रम सरळ करायचा असेल तर ल्युथरन, म्हणजे मार्टिन ल्युथरच्या परंपरेतील, शाळांच्या पद्धतीकडून काही गोष्टी घेण्यासारख्या आहेत, कारण तेथील वर्गाचे वर्ष मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपासना-वर्षाला जोडलेले असते आणि त्या वर्षात ईस्टर हा एक दिवस नसून पन्नास दिवसांचा काळ आहे. पुढील आखणी कोल्हापुरातील पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी आहे. तिचा मुख्य आग्रह एवढाच की आनंदाचे उपक्रम ईस्टरनंतरच्या सोमवारपासून घ्यावेत आणि त्याआधी फक्त वाट पाहायला शिकवावे.

कोल्हापुरातील ख्रिस्ती शाळांची परंपरा ल्युथरन नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये येथे आले आणि त्यांच्या मागून वाढलेले काम प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या वळणाचे राहिले. ल्युथरन मिशनरी भारतात त्याच्याही पुष्कळ आधी, १७०६ मध्ये, तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीस उतरले होते आणि शाळा काढणे हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक होते. त्या परंपरेतील शिक्षणाचा गाभा म्हणजे मार्टिन ल्युथरने १५२९ मध्ये लिहिलेली लहान प्रश्नोत्तरी. तिच्यात प्रत्येक कलमानंतर एकच साधा प्रश्न येतो: याचा अर्थ काय? या लेखातील प्रत्येक उपक्रमाच्या शेवटी शिक्षकाने हाच प्रश्न विचारावा आणि मुलांची उत्तरे येईपर्यंत थांबावे. ज्या उपक्रमानंतर हा प्रश्न विचारता येत नाही, तो उपक्रम निव्वळ हस्तकलेचा आहे असे समजून हस्तकलेच्या तासात घ्यावा.

तारीख मुलांनीच काढावी

ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो, हा प्रश्न तिसरी-चौथीच्या वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सापडते, म्हणून फेब्रुवारीतच हा एक गणिताचा तास घ्यावा. नियम असा की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार हा ईस्टर. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यानच येऊ शकतो. ही पौर्णिमा दोनांपैकी एक असते आणि कोल्हापूरच्या मुलांना त्या दोन्ही चांगल्या माहीत असतात: एक होळीची आणि दुसरी जोतिबाच्या यात्रेची, म्हणजे चैत्र पौर्णिमा. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला, म्हणजे होळीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी आला. २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला, चैत्र पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो. २०२७ मध्ये पुन्हा होळीची पौर्णिमा धरून २८ मार्च ही तारीख मिळते. मुलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला एका वर्षाची दिनदर्शिका द्यावी आणि तारीख शोधून फळ्यावर लिहायला सांगावी.

२०२५ चे वर्ष मात्र मुद्दाम शेवटी द्यावे. त्या वर्षी आपल्या दिनदर्शिकेत चैत्र पौर्णिमा १२ एप्रिलला, शनिवारी होती, त्यामुळे मुले १३ एप्रिल ही तारीख काढतात. पण ईस्टर झाला २० एप्रिलला. कारण असे की मंडळी आकाशातला चंद्र पाहत नाही, ती शतकांपूर्वी ठरवलेल्या कोष्टकातील पौर्णिमा धरते, आणि त्या कोष्टकात ती पौर्णिमा १३ एप्रिलला, रविवारीच पडली होती. पौर्णिमा रविवारी आली तर ईस्टर पुढच्या रविवारी जातो. हा अपवाद हाती लागल्यावर वर्गातील हुशार मुले पुढची दहा वर्षे स्वतःहून तपासू लागतात.

या तासाचा व्यवहारी उपयोगही आहे. चैत्र पौर्णिमा पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, येते त्या वर्षी जोतिबाच्या यात्रेमुळे शहरात गर्दी असते, अनेक घरांतील मुले डोंगरावर किंवा गावी जातात आणि वर्गाची हजेरी रोडावते. त्यातच महावीर जयंतीची सुट्टीही दोन-तीन दिवस आधी येते. २०२६ मध्ये तर पवित्र गुरुवार आणि चैत्र पौर्णिमा एकाच दिवशी, २ एप्रिलला आहेत. अशा वर्षी सर्व मुलांनी मिळून करायचे काम त्या गुरुवारी ठेवू नये.

पालकांना आधी कळवावे

कोल्हापुरातील बहुतेक ख्रिस्ती शाळांत हिंदू, मुस्लिम, जैन, बौद्ध अशा सर्व घरांतील मुले असतात आणि वर्गात ख्रिस्ती मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असू शकतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला अथवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती कोणत्याही विद्यार्थ्यावर करता येत नाही आणि विद्यार्थी अल्पवयीन असल्यास पालकाची संमती लागते. म्हणून लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, सुरू होण्यापूर्वी प्रत्येक पालकाकडे एक चिठ्ठी जावी. तिचा मजकूर आडवळणाचा नसावा. उदाहरणार्थ:

"स. न. वि. वि. येत्या आठवड्यापासून शाळेत ईस्टरच्या निमित्ताने गोष्टी, गीते आणि हस्तकलेचे उपक्रम घेतले जातील. त्यांत येशू ख्रिस्ताच्या मृत्यूची व पुनरुत्थानाची कथा सांगितली जाईल. आपल्या पाल्याने यात भाग घ्यावा किंवा नाही, हा निर्णय आपला आहे. भाग न घेतल्यास त्याच वेळेत त्याला वाचनाचे किंवा चित्रकलेचे काम दिले जाईल आणि त्याचा गुणांवर कोणताही परिणाम होणार नाही."

"सांस्कृतिक कार्यक्रम" असे मोघम लिहून वेळ मारून नेण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती सोडावी. स्पष्ट लिहिले तर पालक सहसा सही करतात. ज्यांची सही येत नाही त्यांचा मुलगा वर्गाबाहेर एकटा बसलेला दिसू नये, एवढी काळजी शिक्षकाने घेतली की पुरे.

लेंट: एक शब्द पेटीत ठेवणे

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरपर्यंतच्या काळात ल्युथरन उपासनेत "हालेलूया" हा शब्द म्हणत नाहीत आणि गातही नाहीत. प्राथमिक वर्गांत याचा एक सुंदर उपक्रम होतो, आणि मुलांना तो इतर कोणत्याही उपक्रमापेक्षा जास्त लक्षात राहतो. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी मुले पांढऱ्या कार्डशीटच्या लांब पट्टीवर "हालेलूया" ही अक्षरे मोठी काढून रंगवतात. एकेका अक्षरावर मुलांच्या एकेका गटाने काम केले तर सर्वांचा हात लागतो. पट्टी सुकली की तिची गुंडाळी करून पत्र्याच्या जुन्या पेटीत ठेवावी, पेटीला कुलूप लावावे आणि ती वर्गात सर्वांना दिसेल अशा जागी, शक्यतो कपाटावर, ठेवून द्यावी. त्या दिवसापासून परिपाठात आणि गीतांत तो शब्द घ्यायचा नाही.

मुले हा नियम कमालीच्या गांभीर्याने पाळतात आणि कोणी चुकून शब्द उच्चारला तर सारा वर्ग तोंडावर हात ठेवतो. शिक्षकाने त्यावर शिक्षा करू नये, हसून सोडून द्यावे. पेटीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कार्यालयात दिलेली बरी, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात "बाई, एकदाच उघडून बघूया" असा तगादा सुरू होतो.

वर्गातील रंगांचाही याच सुमारास बदल करावा. लेंटमध्ये टेबलावर जांभळे कापड, ईस्टरपासून पांढरे, आणि ईस्टरच्या काळाच्या पन्नासाव्या दिवशी लाल. महागडे कापड आणण्याची गरज नाही. ब्लाउजपीसचे तुकडे पुरतात.

पवित्र सप्ताह

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मुले शाळेत नसतात, म्हणून झावळ्यांचे काम सोमवारी घ्यावे. कोल्हापुरात नारळाची झावळी मिळायला अडचण नाही. शाळेच्या आवारात किंवा एखाद्या पालकाच्या परसात झाड असतेच. झावळीची एकेक पात सोडवून तिच्या मधला हीर शिक्षकाने काढावा, कारण हीर टोकदार असतो आणि लहान मुलांच्या बोटात जातो. हीर निघाला की एका पातीच्या दोन पट्ट्या होतात. त्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे दुमडताना चिरत नाहीत. क्रूस करण्यासाठी एक पट्टी सुमारे दोन वीत आणि दुसरी सव्वा वीत लांबीची घ्यावी. लांब पट्टी मध्यावर दुमडून उभी धरावी, दुमड वरच्या बाजूला. लहान पट्टीची दोन्ही टोके मध्यावर आणून दुमडावीत, ती उभ्या पट्टीच्या वरच्या तिसऱ्या भागावर आडवी ठेवावी, मग उरलेल्या पातीचा अरुंद धागा काढून सांध्यावर आधी एका तिरप्या दिशेने आणि नंतर दुसऱ्या तिरप्या दिशेने गुंडाळावा आणि मागच्या बाजूला गाठ मारावी. पहिलीतील मुलांना गाठ जमत नाही. त्यांच्यासाठी शिक्षकाने किंवा चौथीच्या मुलांनी गाठी माराव्यात. हे क्रूस आठवडाभरात वाळून पिवळे पडतात. ते टाकून न देता जपून ठेवावेत, कारण पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारची राख याच वाळलेल्या झावळ्यांपासून करण्याची मंडळीची जुनी रीत आहे.

मंगळवारपासून कथा सांगायला काडेपेट्यांचा संच वापरावा. पाश्चात्त्य शाळांत यासाठी प्लास्टिकची उघडणारी बारा अंडी मिळतात. त्यांची येथे काहीच गरज नाही. बारा रिकाम्या काडेपेट्या घेऊन त्यांवर पांढरा कागद चिकटवावा, एक ते बारा क्रमांक घालावेत आणि प्रत्येकीत कथेतील एक वस्तू ठेवावी: पहिलीत झावळीचा तुकडा, दुसरीत एक रुपयाचे नाणे, तिसरीत पाय पुसण्याच्या पंच्याचा तुकडा, चौथीत पावाचा वाळलेला कण, पाचवीत कोंबड्याचे पीस, सहावीत साबणाची चिपटी, सातवीत बाभळीचा काटा, आठवीत दोऱ्याने आडव्या-उभ्या बांधलेल्या दोन काड्या, नवव्या पेटीत कवडी, दहावीत पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा, अकरावीत गुळगुळीत खडा. काट्याचे टोक आधी मोडून घ्यावे आणि काड्यांचा गुल काढून टाकावा. बारावी पेटी रिकामी असते, पण हे मुलांना सांगायचे नाही. साबणाची चिपटी रोमी सुभेदार पिलाताने हात धुतले त्या प्रसंगासाठी आणि कवडी सैनिकांनी कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्या त्या प्रसंगासाठी आहे. या दोन वस्तू मुलांना पटकन ओळखता येत नाहीत आणि म्हणूनच त्यांवरची चर्चा सर्वांत चांगली होते. सुट्टीपूर्वीच्या तासांत अकरा पेट्या उघडून व्हाव्यात. बारावी पेटी सुट्टीभर बंद राहते.

कथा सांगताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. सात-आठ वर्षांच्या मुलांना खिळे, रक्त आणि फटके यांचे बारकावे सांगण्याने कथा खोल होत नाही, फक्त झोप उडते. आणि वधस्तंभाचा देखावा मुलांकडून करवून घेणे तर पूर्णपणे टाळावे. दुसरे असे की "यहुद्यांनी येशूला मारले" असे वाक्य शिक्षकाच्या तोंडून कधीही येऊ नये. येशू, त्याची आई आणि त्याचे शिष्य हे सगळे यहुदीच होते आणि शिक्षा रोमी सुभेदाराच्या हुकुमाने झाली, हे लहान मुलांना सरळ समजते.

पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले. वर्गात पाय धुण्याचा कार्यक्रम घेतला तर पाणी, घसरणे आणि हशा यांतच तास संपतो, शिवाय अनेक घरांत पायांना हात लावण्याचा अर्थ वेगळा असतो. त्याऐवजी त्या दिवशी पोषण आहाराच्या वेळी शिक्षकांनी खिचडी वाढावी आणि जेवण झाल्यावर मुलांची ताटे स्वतः विसळावीत. मुख्याध्यापकही त्यात असावेत. रोज रांगेत उभे करणारे सर नळाखाली ताट धरून उभे आहेत, हे पाहून मुले आधी खिदळतात आणि मग एकेक जण मदतीला येतो, त्यानंतर वर्गात गेल्यावर "याचा अर्थ काय?" हे विचारायला दुसऱ्या कोणत्याही प्रस्तावनेची गरज उरत नाही.

शाळा सुटण्यापूर्वी पंधरा मिनिटे वर्ग मोकळा करावा. भिंतीवरचे तक्ते, पताका, टेबलावरचे कापड सर्व काही उतरवून कपाटात ठेवावे. मंडळीत गुरुवारी रात्री वेदी अशीच मोकळी करतात. हे काम न बोलता करायचे, एवढीच सूचना द्यावी आणि मुलांना तसेच घरी जाऊ द्यावे. या वेळी प्रश्नही विचारू नये.

परळातील बाग

रिकाम्या कबरेची छोटी बाग हा उपक्रम अनेक ल्युथरन शाळांत होतो आणि कोल्हापुरात तो करायला अधिक सोपा आहे, कारण नवरात्रात घरोघरी घट बसतात आणि धान्य रुजवण्याची रीत मुलांना पाठ असते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून एक मोठे पसरट परळ (मातीचे उथळ भांडे) आणि एक बोळके आणावे. वर्गाला एकच बाग पुरे, प्रत्येक मुलाची वेगळी बाग करू नये, कारण मग कोणाची उगवली आणि कोणाची नाही यावरून रडारड होते. परळात चार बोटे काळी माती आणि थोडे शेणखत मिसळून भरावे. बोळके एका कडेला आडवे करून मातीत अर्धे रुतवावे, त्याचे तोंड मुलांकडे यावे. त्याच्या तोंडावर बरोबर बसेल असा चपटा दगड मुलांनीच शोधून आणावा.

पेरणीचा दिवस चुकला तर उपक्रमाची गंमत जाते. गहू आठ दिवस आधी पेरले तर गुरुवारीच बाग हिरवी होते आणि कबरेवर दगड असताना भोवती गवत डुलू लागते. म्हणून गहू मंगळवारी रात्री भिजत घालून बुधवारी पेरावेत, वरून अर्धे बोट माती टाकावी आणि ओल्या गोणपाटाने परळ झाकावे. गुरुवारी बोळक्याचे तोंड दगडाने बंद करावे. त्या दिवशी मुलांना फक्त काळी माती दिसते. पुढचे तीन दिवस वर्ग बंद किंवा जवळजवळ बंद असतो. शनिवारी सकाळची शाळा असली तर शिक्षकाने, नसली तर शिपाईमामांनी गोणपाट न उचलता वरूनच पाणी शिंपडावे. एप्रिलच्या उन्हात परळ सावलीतच हवे, खिडकीपासून दूर.

सोमवारी मुले येण्यापूर्वी शिक्षकाने दगड बाजूला करून ठेवावा आणि बोळक्यात पांढऱ्या कापडाची घडी ठेवावी. गोणपाट मुलांसमोर काढावे. कोंब दोन-तीन बोटे वर आलेले असतात, मात्र ते हिरवे नसून फिकट पिवळे असतात, कारण त्यांना उजेड मिळालेला नसतो. याबद्दल मुलांना आधी सांगू नये. परळ उजेडात ठेवले की दुसऱ्या दिवशी तेच कोंब हिरवे दिसू लागतात आणि परिसर अभ्यासाचा एक धडा आपोआप हाती येतो. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालिया मरीयेला येशू प्रथम माळी वाटतो, तो प्रसंग या बागेशेजारीच वाचावा.

सोमवार आणि त्यानंतरचे दिवस

ईस्टरनंतरच्या सोमवारचा परिपाठ नेहमीपेक्षा दहा मिनिटे लांबवावा, त्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी आधीच घ्यावी. शिक्षकाने "प्रभू उठला आहे" असे म्हणावे आणि मुलांनी "तो खरोखर उठला आहे" असे उत्तर द्यावे. ही जुनी अभिवादनाची रीत पन्नास दिवसांत केव्हाही, अगदी जिन्यात भेटल्यावरही वापरता येते. मग किल्ली येते, पेटी उघडते, "हालेलूया"ची पट्टी फळ्यावर चढते आणि लेंटभर न गायलेली गीते गायली जातात. मराठी मंडळ्यांच्या "उपासना संगीत" या गीतसंग्रहातील पुनरुत्थानाच्या गीतांमधून सोपी दोन गीते आधीच निवडून ठेवावीत. बारावी काडेपेटी या वेळी उघडावी. "बाई, ह्यात काही घातलंच नाही!" अशी तक्रार येणारच, ती येऊ द्यावी आणि उत्तर दुसऱ्या मुलाकडून येईपर्यंत थांबावे. खाऊ म्हणून कोल्हापुरी गूळ आणि शेंगदाणे वाटले तर सर्व घरांतील मुलांना चालतात.

ल्युथरन मंडळीत ईस्टरची उंच मेणबत्ती पन्नास दिवस उपासनेच्या वेळी पेटवतात. वर्गात तिच्यासाठी वाळू भरलेली काचेची बरणी वापरावी, पंखा बंद करावा आणि मेणबत्ती फक्त परिपाठापुरती शिक्षकानेच पेटवावी. पताका आणि घोटीव कागद तिच्यापासून दूर असावेत.

पुढच्या आठवड्यांत परीक्षा असते, त्यामुळे दिवसाला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही आणि मागूही नये. या वेळात ईस्टरनंतरच्या भेटींच्या कथा घ्याव्यात, कारण नेमक्या याच कथा सुट्टीमुळे मुलांच्या कानावर पडायच्या राहतात. उठलेला येशू दोन शिष्यांबरोबर चालतो, ती अम्माऊस गावच्या वाटेची कथा मैदानावर चालत सांगावी. मुलांच्या जोड्या करून मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगाव्यात. पहिल्या फेरीत एकाने आपल्याला वाईट वाटलेली गोष्ट सांगायची आणि दुसऱ्याने फक्त ऐकायची, दुसऱ्या फेरीत उलट. लूकच्या शुभवर्तमानात दिलेले अम्माऊसचे अंतर आजच्या मापात सुमारे अकरा किलोमीटर होते. जोतिबाला पायी गेलेली मुले वर्गात असतातच. त्यांना हे अंतर डोंगरापेक्षा कमी आहे हे सांगितले की नकाशा लागत नाही.

येशू उठला यावर पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या थोमा या शिष्याची कथा शंकेखोर माणसाची गोष्ट म्हणून हिणवून सांगू नये. त्या दिवशी टेबलावर एक डबा ठेवावा आणि मुलांनी मनातला कोणताही प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर लिहून त्यात टाकावा. सगळ्याच प्रश्नांची उत्तरे शिक्षकाकडे नसतात. काही चिठ्ठ्या पाळकांसाठी राखून ठेवाव्यात आणि त्यांना एक दिवस वर्गात बोलवावे.

उठलेला येशू शिष्यांना जाळे दुसऱ्या बाजूला टाकायला सांगतो, ती तिबिर्या समुद्राकाठच्या न्याहारीची कथा मात्र ऐसपैस घ्यावी, कारण तिच्यात मुलांच्या हाताला भरपूर काम आहे. जाळ्यात मोठे मासे एकशे त्रेपन्न होते, असे योहान नेमके सांगतो. जुन्या वर्तमानपत्रांचे किंवा घोटीव कागदाचे वीतभरापेक्षा लहान, साधारण दहा सेंटिमीटरचे मासे मुलांनी कापावेत. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकी चार केले तर सात मासे उरतात. ते कोणाचे काढायचे यावर वाद नको म्हणून शिक्षकांनी आधीच सात मुलांना तीन-तीन करायला सांगावे. नंतर हे मासे भिंतीवर त्रिकोणात लावावेत: सर्वांत वर एक, त्याखाली दोन, मग तीन, असे करत तळाच्या सतराव्या ओळीत सतरा. एक ते सतरा या संख्यांची बेरीज १५३ होते, त्यामुळे त्रिकोण तंतोतंत पूर्ण होतो आणि एकही मासा जास्त-कमी पडत नाही. तळाच्या ओळीसाठी दोन मीटर भिंत लागते, हे काम सुरू करण्यापूर्वी मोजून घ्यावे. चौथीच्या मुलांना आणखी एक कोडे देता येते: १, ५ आणि ३ या अंकांचे घन करून मिळवा. १, १२५ आणि २७ यांची बेरीजही १५३ च येते. कथा सांगण्यासाठी शक्य असल्यास सकाळच्या शाळेत मुलांना रंकाळ्याच्या काठावर न्यावे; पाण्यात बसलेले बगळे आणि गळ टाकून बसलेला एखादा माणूस दिसला की जाळ्याची बाजू बदलण्याचा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पाण्याच्या कडेला मुलांची रांग असताना दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवेच.

अंडी रंगवण्याचे काय, असे विचारले जाईल. मध्ययुगात लेंटमध्ये अंडी खाण्यास मनाई होती, त्यामुळे ती साठत आणि ईस्टरला बाहेर निघत; ही प्रथेची साधी व्यवहारी बाजू आहे. अंड्यांबरोबर येणारा ससा जर्मन भाषिक प्रदेशातील लोककथेतला आहे आणि त्याचा लेखी उल्लेख १६८२ मध्ये सापडतो. सशाला कोल्हापुरात बोलावण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही. अंडी घ्यायची असतील तर सोमवारनंतर घ्यावीत आणि रंग घरातले वापरावेत. कांद्याची साले अर्धा तास उकळून गाळलेल्या पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून उकडलेले पांढरे अंडे ठेवले की ते तांबूस-तपकिरी होते. हळदीच्या पाण्यात पिवळे. कोथिंबिरीचे पान अंड्यावर ओले करून चिकटवावे, जुन्या पातळ सुती कापडात अंडे घट्ट बांधून रंगात सोडावे आणि नंतर पान सोलून काढावे. पानाची पांढरी नक्षी उमटते. व्हिनेगर हे आम्ल आहे आणि अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते, म्हणून कवचावर बारीक बुडबुडे दिसतात, हेही दाखवावे. ज्या घरांत अंडे चालत नाही त्या मुलांना वेगळे बसवण्यापेक्षा सर्व वर्गालाच कागदाच्या लगद्याची अंडी द्यावीत, हे जास्त बरे. खरी अंडी वापरली तर ती वर्गात खायला देऊ नयेत; बत्तीस अंशांवरच्या उन्हाळ्यात उकडलेले अंडे तासाभरापेक्षा अधिक काळ बाहेर राहिले की खाण्यायोग्य समजत नाहीत.

सुट्टीत उरलेले दिवस

स्वर्गारोहणाचा चाळिसावा दिवस आणि पवित्र आत्म्याच्या आगमनाचा पन्नासावा दिवस हे दोन्ही आपल्याकडे बहुतेक वेळा उन्हाळी सुट्टीत येतात. २०२६ मध्ये ते १४ मे आणि २४ मे या तारखांना आहेत. शाळा सुटताना प्रत्येक मुलाला एक कागद द्यावा, त्यावर सात ओळींत सात-सात चौकोन आणि त्याखाली एक वेगळा मोठा चौकोन आखलेला असावा: साती साती एकोणपन्नास, आणि एक पन्नास. शाळा चालू असेपर्यंतचे चौकोन वर्गातच रंगवून झालेले असतात; उरलेले मुलांनी घरी रंगवायचे. चाळिसाव्या चौकोनात ढग काढायचा. पन्नासाव्या दिवसासाठी लाल घोटीव कागदाचे भिरभिरे घरीच करायचे आणि वारा आला की गच्चीवर किंवा अंगणात धरायचे; त्याची चौकोनी कागदापासून करण्याची कृती कागदाच्या मागे चार चित्रांत काढून द्यावी, कारण शब्दांत लिहिलेली कृती सुट्टीत कोणीही वाचत नाही.

हे कागद जूनमध्ये परत मागावेत, पण अर्धवट राहिले म्हणून कोणाला बोलू नये. काडेपेट्यांचा संच, पत्र्याची पेटी आणि वाळलेले क्रूस एकाच खोक्यात भरून त्यावर पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारची तारीख लिहून ठेवावी. पावाचा कण मात्र काढून टाकावा, नाहीतर पावसाळ्यात खोक्याला मुंग्या लागतात.